मुगभाटातल्या कोटाची तक्रार

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. हा वास डांबराच्या गोळ्यांचा आहे, माझा नाही. मी एक जुना ओव्हरकोट आहे, गिरगावात मुगभाटातल्या त्रिलोकेकर बिल्डिंगमध्ये राहतो, आणि मला फार राग आलेला आहे. स्वतःची कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा रडतात. छत्री रडते, फाटकं पुस्तक रडतं, मोडकी खुर्ची तर विचारूच नका. मला रडायचं नाही. मला तक्रार करायची आहे, आणि ती तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आहे.

मुंबईत ओव्हरकोटाचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. काही काम नाही. इथं माणसं पौषातसुद्धा सदऱ्याची वरची गुंडी सोडून फिरतात. पण ह्या घरातले मनमोहन त्रिलोकेकर विमा कंपनीत मोठे हुद्देदार होते आणि कंपनीनं त्यांना लंडनला पाठवायचं ठरवलं. तेव्हा त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, हट्ट धरला की कोट शिवायचा तर स्वदेशी लोकरीचाच. कापड पंजाबातून आलं. ते इतकं जाड होतं की कुशाबा शिंप्यानं हात जोडले. बिचाऱ्यानं जन्मभर वकिलांचे काळे कोट शिवलेले. माझ्यापायी त्याच्या सुया मोडल्या, बोटं सोलली, आणि तो मला उद्देशून असं काही बोलला की ते तुमच्यासारख्या मुलांना सांगता येणार नाही. पण शिवलं मात्र झकास. आजही माझी एक शिवण उसवलेली नाही.

मनमोहन लंडनला जाऊन आले आणि पुढे थोड्याच वर्षांत वारले. दुर्गाबाईंनी त्यांचे बाकीचे कपडे वाटून टाकले, मला मात्र ठेवलं. मग वरच्या मजल्यावरचे एक डॉक्टर विलायतेला निघाले. त्यांनी मला मागून नेलं. पुढे एक प्रोफेसर आले. असं करता करता बिल्डिंगमध्ये रीतच पडली की जो कोणी परदेशी जाईल त्यानं दुर्गाकाकींचा कोट न्यायचा. निघताना जाणाऱ्याच्या कपाळी कुंकू आणि माझ्या कॉलरला एक बोट हळद. परत आल्यावरच्या रविवारी पटांगणात खुर्च्या मांडायच्या आणि पाहुण्यानं मला अंगात घालून प्रवासाचं भाषण करायचं. हो, मला घालून! ऑक्टोबरच्या उन्हात! वक्ता घामानं निथळायचा, पण कोट काढला तर भाषण खरं धरायचे नाहीत.

ह्या रितीला एक भीतीही चिकटली होती. पहिल्या मजल्यावरच्या विजयकरांचा मुलगा तेवढा मला न घेता गेला, म्हणाला तिकडेच नवा घेईन. तो तिकडे मडमेशी लग्न करून राहिला तो राहिलाच. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या तमाम आयाबहिणींची खात्री पटली की कोटाशिवाय गेलेला मुलगा परत येत नाही. मी आपला लोकरीचा कोट. मी कुणाला कशाला बांधून ठेवतोय? पण माझं कोण ऐकतं.

आता माझ्या रागाचं कारण असलेले गृहस्थ. चिंतामणी त्रिलोकेकर. दुर्गाबाईंचे थोरले पुतणे, बिल्डिंगच्या मंडळाचे चिटणीस, आणि परळच्या एका धर्मादाय इस्पितळाच्या कमिटीवरचे सभासद. स्वभावानं वाईट नव्हेत. गोरगरिबांना औषधं मिळवून द्यायचे, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पहिल्या रांगेच्या मागच्या रांगेत असायचे. ते चौपन्न साली त्यांच्या कंपनीच्या कामासाठी स्वीडनला गेले, मला घेऊन. स्टॉकहोमला काय काम झालं? मी सांगतो काय झालं. दोन बैठका झाल्या. एकीत ह्यांना डुलकी लागली. मग ह्यांनी शनिवार-रविवार जोडून घेतला, त्याला पुढचा सोमवार चिकटवला, आणि गाडीनं कोपनहेगन गाठलं. तिथं समुद्रात दगडावर बसलेल्या त्या मत्स्यकन्येच्या पुतळ्यासमोर ह्यांनी निरनिराळ्या बाजूंनी स्वतःचे फोटो काढून घेतले. मी प्रत्येक फोटोत आहे.

परत आल्यावर भाषणाचा विषय काय होता माहीत आहे? ‘स्वीडनची औद्योगिक प्रगती.’ पटांगण गच्च भरलं होतं. त्या प्रगतीत मत्स्यकन्या होती, बर्फावरचं घसरणं होतं, नाव घेता येत नाही असलं चीज होतं. कुणी विचारलं नाही की अहो, कामाला गेला होता ना? उलट टाळ्या पडल्या, हार घातला, आणि लीलावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळ्यांना पियुष वाटलं. मीही खूष होतो. मला वाटलं, चला, माणूस चार गोष्टी बघून आला तर बिघडलं कुठं?

चिंतामणींचा धाकटा भाऊ वीरेंद्र. बँकेत कामाला, गरीब स्वभावाचा, थोरल्या भावापुढे तोंडातून शब्द न काढणारा. त्याची बायको मृणालिनी परळच्या त्याच इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. पाठारे प्रभूंच्या घरातली सून नर्स! आधीच अर्ध्या बिल्डिंगनं नाक मुरडलेलं. ती मात्र पांढरी साडी नेसून, डबा घेऊन, कुणाकडे न बघता सकाळी निघायची.

माझी तिची गाठ पडली ती छप्पन्न सालच्या जानेवारीत. गिरगावात गोळीबार चालला होता. रस्त्यावर अश्रुधुराचा वास, दारं बंद, आणि आमच्या बोळाच्या तोंडाशी एक माणूस मांडीत गोळी लागून पडलेला. जयवंत त्याचं नाव, घोडपदेवचा, गिरणीत कामाला. मृणालिनी आणि वीरेंद्रनं त्याला ओढून जिन्याखाली आणलं. तिनं स्वतःचा पदर फाडून मांडी बांधली. पण रक्त गेलेला माणूस गार पडतो. तो थडथड उडायला लागला. ती धावत काकींच्या खोलीत गेली, कपाट उघडलं आणि मला आणून त्याच्यावर टाकलं.

“अगं, कोट! तो परदेशाचा कोट आहे!” चिंतामणी जिन्यावरून ओरडले.

“कोट इथल्याच लोकरीचा आहे, भाऊजी, आणि माणूसही इथलाच,” ती मान वर न करता म्हणाली.

मित्रांनो, लंडन, जिनिव्हा, स्टॉकहोम, सगळीकडे मी मिरवलो. पण मला ज्या कामासाठी शिवलं ते काम मी त्या दुपारी जिन्याखाली केलं. जयवंत जगला. डाग काढायला काकी स्वतः बसल्या, रिठ्याचं पाणी घेऊन.

दीड वर्षानं तोच जयवंत आणि त्याची बायको शेवंती त्यांच्या मुलीला, अंबिकाला, खांद्यावर टाकून मृणालिनीच्या वॉर्डात आले. मुलीला ताप येऊन गेला होता आणि दोन्ही पाय लुळे पडले होते. पोलिओ. असली मुलं वॉर्डात वाढतच होती. त्यांना निजवून ठेवायचं, तेल चोळायचं, आणि आईनं देवाला हात जोडायचे, एवढंच चाले. तेवढ्यात नॉर्वेतल्या ऑस्लोहून आमंत्रण आलं. तिथल्या इस्पितळात अशा मुलांना पुन्हा उभं करायचं काम फार पुढे गेलेलं होतं. एका नर्सनं तीन आठवडे येऊन ते बघावं, आणि तिचं काम पसंत पडलं तर पुढे वर्षभर शिकायला यावं. मोठ्या डॉक्टरांनी मृणालिनीचं नाव दिलं.

बिल्डिंगमधून पहिल्यांदाच बाई परदेशी निघाली होती. हळदीचं बोट काकींनी स्वतः लावलं. मी तिला मोठा होत होतो, बाह्या बोटांच्या पुढे जात होत्या, म्हणून काकींनीच त्या आत दुमडून टाके घातले.

ऑस्लोत ती काय राबली ते मी खुंटीवरून बघितलं. कोमट पाण्याच्या हौदात उतरून मुलांचे पाय हलवणं, कातडी पट्टे बांधणं, कोणता स्नायू जागा आहे आणि कोणता झोपलाय ते बोटांनी चाचपणं. संध्याकाळी खोलीवर आली की बुटांसकट पलंगावर पडायची. दोन आठवडे असे गेल्यावर तिथल्या मुख्य नर्सबाईंनीच तिला दटावलं. शनिवार-रविवार सुट्टी असते, म्हणाल्या, आमचा देश न बघता जाणार की काय? बर्गनला जा. डोंगरातून गाडी जाते.

आणि ती गेली. एकटी.

काय सांगू तुम्हाला! गाडी वर वर चढत गेली आणि खिडकीबाहेर बर्फच बर्फ. डब्यातल्या लोकांना त्याचं काहीच नव्हतं, एक आजोबा तर घोरत होते. मृणालिनीनं काचेला नाक लावलं ते काढलंच नाही. बर्गनला उतरली तर पाऊस. मी चिंब भिजलो, मणभर जड झालो, तरी ती मला घालून धक्क्यावर हिंडत राहिली. तिथं उघड्यावर मासळीबाजार होता. प्रभूंची लेक ती! ताजी मासळी बघून तिचा चेहरा असा फुलला की कोळणीसारख्या ठसठशीत एका बाईनं तिला हाक मारून पावावर कोळंबी रचून दिली. ती तिनं पावसात उभ्या उभ्या खाल्ली आणि मोठ्यानं हसली. तिला कुणी विचारलं नाही की तू कुणाची सून, किती वाजता परत येणार, स्वयंपाकाचं काय. दुपारी ती डोंगरावर जाणाऱ्या छोट्या गाडीत बसून वर गेली आणि खालचं गाव, खाडी, बोटी बघत कठड्याला टेकून उभी राहिली. माझ्या आत तिचं काळीज शांतपणे चाललं होतं. मी इतक्या लोकांच्या अंगावर राहिलो, पण इतकं सुखी माणूस माझ्या आत दुसरं कुणी नव्हतं.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी जेवताना तिनं हे सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिला वाटलं, घरातल्यांना आनंद होईल. बर्गनचं रंगीत कार्डसुद्धा तिनं पानाशेजारी ठेवलं.

चिंतामणींचा घास हातातच राहिला. “एकटी गेलीस?”

“हो.”

“मुक्काम?”

“एका बाईंच्या खाणावळीत. स्वच्छ होती.”

“म्हणजे इस्पितळाच्या पैशानं पाठवलं कामाला, आणि तू गेलीस हुंदडायला!”

“तिकीट मी माझ्या पगारातून काढलं, भाऊजी. आणि सुट्टीचे दिवस होते.”

लीलावहिनींनी वीरेंद्रकडे बघितलं. वीरेंद्रनं आमटीकडे बघितलं. हे झालं दुपारी, आणि दिवेलागणीपर्यंत बिल्डिंगभर झालं. ‘नोकरीच्या नावाखाली...’ एवढं म्हणून लोक पुढचं वाक्य डोळ्यांनी पुरं करत. ज्यांनी मत्स्यकन्येला टाळ्या वाजवल्या होत्या तेच हे लोक! माझ्या तर अंगाची लाही लाही झाली. मी चिंतामणींच्या अंगावर बसून कोपनहेगन बघितलंय. मला तोंड असतं तर त्या जेवणाच्या पाटावरच मी सगळं ओकलो असतो. पण कोटाला काय, बाह्या असतात, हात नसतात.

रविवारच्या भाषणाआधी चिंतामणी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी तिथंच दोरीवर वाळत होतो.

“हे बघ मृणालिनी,” आवाज अगदी मऊ केला होता, “मी तुझ्या बाजूचाच आहे. वर्षभराचा कोर्स तुला मिळावा असं मलाही वाटतं. पण कमिटीतले जुने लोक काय म्हणतील? तू एवढंच कर. भाषणात सांग की बर्गनलाही एक इस्पितळ होतं, ते बघायला गेले होते. एक वाक्य. विषय मिटला.”

“पण मी नव्हते गेले इस्पितळ बघायला.”

“अगं, सगळे असंच सांगतात!”

“तुम्हीसुद्धा?”

चिंतामणींनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. “बाईमाणसानं एकटं फिरणं वेगळं असतं. लोक बोलतात.”

मृणालिनीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. “मोर्चात आम्हाला पुढे उभं करता ना, भाऊजी? बायका पुढे असल्या की पोलीस लाठी आवरती घेतात म्हणून? मला धरून नेलं आणि रात्रभर चौकीत ठेवलं, तेव्हा तुम्ही मला हार घातलात. तेव्हा नाही कुणी विचारलं, एकटी कशी राहिलीस.”

चिंतामणी गोरेमोरे झाले. “तो लढा होता,” म्हणाले, “ही चैन आहे. विचार कर. त्या कोर्सवर तुझ्या वॉर्डातल्या मुलांचं भलं अवलंबून आहे. स्वतःच्या हट्टापायी त्यांचं नुकसान करू नकोस.”

बघा, नेमक्या जागी बोट ठेवलं! ते गेल्यावर ती कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी होती. अंबिकाचे पाय तिला दिसत असणार. एक वाक्य खोटं बोलायचं आणि एक वर्ष मिळवायचं. तुम्ही काय केलं असतं? मी कोट असूनही मला वाटलं, बोल बाई, बोलून टाक, एवढं काय मोठंसं.

रविवारी सकाळी पटांगण भरलं. मी तिच्या अंगावर होतो. अध्यक्ष चिंतामणी. मागच्या बाजूला शेवंती अंबिकाला कडेवर घेऊन उभी होती. सिस्टरबाई बोलणार म्हणून घोडपदेवहून आली होती. मृणालिनीनं इस्पितळाबद्दल नीट सांगितलं, हौद, पट्टे, व्यायाम, सगळं. लोक ऐकत होते, पण वाट बघत होते. मग ती थांबली. मला तिच्या पाठीवरून घामाची धार उतरताना कळली.

“आणि शनिवार-रविवारी मी बर्गनला गेले,” ती म्हणाली.

चिंतामणींनी मान डोलावून तिला पुढचं वाक्य सुचवलं.

“तिथं मला काही काम नव्हतं. मी नुसतं बघायला गेले होते. मला बघायचं होतं म्हणून.”

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टोपी उचलली आणि उठायच्या बेतानं गुडघ्यांवर हात ठेवले. लीलावहिनींनी पदर तोंडाला लावला. माझ्या बाह्यांत तिच्या मुठी घट्ट वळलेल्या होत्या.

तेवढ्यात मागून शेवंतीनं विचारलं, “सिस्टरबाय, थंय बांगडो गावता काय?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण मृणालिनी हसली नाही. “अगदी बांगडाच नव्हे,” ती म्हणाली, “पण त्याच्या जातीचा होता एक. पाठीवर तसेच काळे-निळे पट्टे, अंगानं थोडा मोठा.”

“मगे सांगा तर खरा!”

मग तिनं जे सांगितलं ना, मित्रांनो! बर्फाची गाडी, घोरणारे आजोबा, पाऊस, पावावरची कोळंबी. गॅलरीत उभ्या असलेल्या बायका एकेक करून खाली उतरल्या. ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांतल्याच एकीनं विचारलं की ते लोक कोळंबीला हळद लावतात का. लावत नाहीत म्हटल्यावर सगळ्या हळहळल्या. टोपी उचललेल्या गृहस्थांना बायकांच्या गर्दीतून बाहेर पडता येईना, ते परत बसले. काकी पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्या डोळ्याचं पातं लवलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, जिंकली. छे! आता माझा खरा राग ऐका. कमिटीची सभा झाली आणि मृणालिनीचं नाव गळलं. कारण काय, तर ‘कामाविषयी गांभीर्य नाही.’ मोठ्या डॉक्टरांनी रागारागानं खुर्ची सरकवली म्हणे, पण मतं पडायची ती पडली. मग तिच्याऐवजी कोण जाणार? लीलावहिनींचा धाकटा भाऊ रामदास! इस्पितळाच्या भांडारात चादरी मोजायला बसणारा रामदास, वर्षभर नव्हे तर दोन महिने, ‘उपकरणांची पाहणी’ करायला. त्याला विचारलं, पाहणी झाल्यावर काय बेत? तर म्हणाला, पॅरिस जवळच आहे ना?

मृणालिनी कामावर जात राहिली. आठवणीतले व्यायाम मुलांकडून करून घेत राहिली. पण तीन आठवड्यांत काय कळतं? अंबिकाचा डावा पाय थोडा हलायला लागला, उजव्याचं काय करायचं ते तिला उमगेना. एकदा ती काकींच्या खोलीत येऊन मला धरून रडली. माझी कॉलर ओली झाली. त्या दिवशी काकी दारात येऊन परत फिरल्या. तिला वाटलं, काकींनी बघितलं नाही.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात रामदास निघायचा दिवस आला. बाहेर भिंतीभिंतीवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ रंगवलेलं आणि वर ऊन असं, की भिंतीला हात लावला तर चटका. लीलावहिनी हळदीची वाटी घेऊन, चिंतामणी आणि रामदास मागे, असे सगळे कोट न्यायला काकींच्या खोलीशी आले आणि जागच्या जागी थांबले.

काकी दारात बाकड्यावर बसल्या होत्या. मला घालून. सगळी बटणं लावून.

मित्रांनो, इतकी वर्षं ह्या बाईनं मला ऊन दाखवलं, रिठ्यानं धुतलं, गोळ्या बदलल्या, लोकांच्या हवाली केलं. स्वतःच्या अंगावर कधी खांद्याशी धरूनसुद्धा बघितलं नव्हतं. त्या दिवशी कळलं, मी त्यांना अगदी बरोबर होत होतो.

“काकी, हे काय?” चिंतामणी म्हणाले. “द्या तो इकडे.”

“काढून घे,” काकी म्हणाल्या.

आता पुतण्या झाला तरी सत्तरीच्या काकीच्या अंगावरचा कपडा ओढणार कसा? चिंतामणींचे हात पुढे आले आणि खाली गेले. रामदास म्हणाला, “जाऊ दे ना, मी तिकडे नवा घेईन.” त्यासरशी लीलावहिनींनी हळदीची वाटीच खाली ठेवली. “विजयकरांचा मुलगा हेच म्हणाला होता! कोटाशिवाय मी तुला पाठवायची नाही. एकुलता एक भाऊ आहेस माझा.” आणि त्या तिथंच रडायला बसल्या.

गॅलरी माणसांनी भरली. काकींच्या कपाळावरून घाम ओघळत होता, चेहरा लाल झाला होता. मला स्वतःची लाज वाटली. थंडीत ऊब द्यायला शिवलेला मी, त्या म्हातारीला भर वैशाखात शिजवत होतो.

एवढ्यात मृणालिनी ड्यूटीवरून परत आली. गर्दी बाजूला सारून तिनं काकींची नाडी धरली. “काकी, आधी कोट काढा. भोवळ येईल तुम्हाला.”

“येऊ दे.”

“माझ्यासाठी हे करत असाल तर नको. मला नाही जायचं कुठं.”

काकींनी तिच्याकडे रोखून बघितलं. “भर पटांगणात खरं बोललीस,” काकी म्हणाल्या, “आणि आता माझ्याशी खोटं बोलतेस?”

मृणालिनीनं ओठ चावला. मग सगळ्यांदेखत म्हणाली, “जायचंय मला. शिकायचंय. आणि तो देशही बघायचाय, राहिलेला.”

“काकी, किती वेळ बसणार आहात अशा?” चिंतामणींचा आवाज फुटला.

“ती जाईपर्यंत.”

मग वीरेंद्र, जन्मात भावापुढे न बोललेला वीरेंद्र, आत गेला, पाण्याचा तांब्या आणि पंखा घेऊन आला, काकींच्या शेजारी बसला आणि वारा घालायला लागला. “दादा,” तो म्हणाला, “स्टॉकहोमला तुझं काम किती दिवसांचं होतं रे?”

चिंतामणींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळी बिल्डिंग त्यांच्याकडेच बघत होती. “बरं बरं,” ते म्हणाले, “सभा बोलावतो. नाव परत घालतो.”

“सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग.”

“मृणालिनीचं नाव परत घालतो!”

“आणि शनिवार-रविवारी ती कुठं गेली, हे तिला विचारायचं नाही,” काकी म्हणाल्या. “ती सांगेल. आपण ऐकायचं.” एवढं झाल्यावर त्यांनी वरचं बटण सोडलं.

सभा झाली, नाव मंजूर झालं, आणि आता मी मृणालिनीच्या ट्रंकेत आहे, सगळ्यात वर. उद्या निघायचं. वर्षभराचा मुक्काम. महाराष्ट्राचं अजून भिजत घोंगडं आहे, अंबिका अजून कडेवरच आहे, आणि चिंतामणी मला बघितलं की दुसऱ्या जिन्यानं जातात. माझा राग पुरता गेलेला नाही. एका बाईला दोन दिवस डोळे भरून काही बघायचं, तर म्हाताऱ्या बाईला जीव धोक्यात घालून उन्हात बसावं लागलं. ह्याचा राग जाणार कसा?

म्हणून माझं एवढं ऐका. लोकरीच्या कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवा, गोळ्या ठेवा, कसर लागू देऊ नका. आणि तुमच्या घरातली एखादी बाई कामासाठी लांब जाऊन आली तर तिला पाणी द्या, बसवा, आणि काम कसं झालं ते विचारा. मग काय काय बघितलंस, तेही विचारा. भुवया वर न करता विचारा.